मंगळावर खाण वसाहत उभारायचा रोल-प्लेइंग गेम तिसऱ्या सेशनला रटाळ का होतो?

तुम्ही लिहिलंय की पाच मित्र मिळून मंगळावर खाणीची वसाहत वसवायचा गेम सुरू केलाय, नियम घरीच बनवलेत, पहिले दोन सेशन झकास गेले आणि तिसऱ्यापासून सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसायला लागले, तर नेमकं चुकतंय कुठे आणि हे वाचवता येईल का.

नमनाला घडाभर तेल घालत नाही. तुमचा जीएम (गेम मास्टर, म्हणजे गेम चालवणारा) एकटाच मरमर मेहनत करतोय, तिथे चुकतंय. तुम्हीच लिहिलंय की पहिल्या सेशनला धुळीचं वादळ, दुसऱ्याला उल्का, तिसऱ्याला रोव्हर बंद. म्हणजे तो बाहेरून संकटं फेकतोय आणि तुम्ही झेलताय. दोनदा मजा येते, तिसऱ्यांदा माणूस म्हणतो हां फेका, किती डॅमेज ते सांगा, आणि मोबाईल काढतो. शिवाय मंगळाची हवा इतकी विरळ आहे (दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी) की तिथलं वादळ घरं वगैरे उडवत नाही, फार तर सोलर पॅनलवर धूळ बसवून हळूहळू वीज खातं. मला विचाराल तर ते जास्त भीतीदायक आहे.

आमचा पहिला प्रयत्न चंद्रावर होता. दक्षिण ध्रुवाजवळचे कायम सावलीतले खड्डे, त्यातला बर्फ काढायचा, कागदावर एकदम भारी वाटत होतं. तो गेम चार सेशनमध्ये मेला, कारण पृथ्वी तीन दिवसांवर आणि बोललेलं सव्वा सेकंदात पोचतं, त्यामुळे काहीही अडलं की कोणीतरी म्हणायचं अरे कॉल लावा ना. मग सगळं उचलून मंगळावर नेलं आणि एका आकड्यानं गेमच बदलला, २६ महिने. पृथ्वी आणि मंगळ एकमेकांच्या सोयीच्या जागी साधारण २६ महिन्यांतून एकदा येतात, यानं तेव्हाच सुटतात, मधे तुम्ही कितीही बोंबला. निरोप एका बाजूने जायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. आणि सूर्य मधे येतो तेव्हा साधारण दोन आठवडे संपर्काचा भरवसाच नसतो, ते दोन आठवडे तर जीएमसाठी सोनं आहेत, सगळ्यात वादग्रस्त मतदान तेव्हाच घ्यायचं.

आम्ही एक महिना म्हणजे एक पाळी धरली, एका सेशनला तीन पाळ्या. पुढचं यान नऊ सेशन लांब. एवढं ठरलं आणि टेबलावर सगळे जरा सरळ बसले.

दुसरा बदल म्हणजे जीएमच्या पडद्यामागे काही ठेवायचं नाही. टेबलाच्या मधोमध एक मोठा कागद, त्यावर वसाहतीचा नकाशा, बाजूला चार ओळी: हवा, पाणी, सुटे भाग, मन. सगळं पेन्सिलनं. प्रत्येकाने आपल्या हाताने खोडायचं आणि लिहायचं. नकाशाची आयडिया आम्ही 'द क्वाएट इयर' या गेमवरून ढापली, २०१३ चा आहे, त्यात पत्त्यांचा कॅट असतो, ५२ पानं म्हणजे ५२ आठवडे, एक पान उलटलं की एक आठवडा गेला, आणि जीएम नसतोच, सगळे मिळून एका वस्तीचा नकाशा काढत जातात. त्यातलीच अजून एक गोष्ट उचलली. तुम्हाला न विचारता किंवा तुमच्या विरोधात निर्णय झाला की भांडायचं नाही, गुपचूप एक टोकन उचलून आपल्यापुढे ठेवायचं. आम्ही शर्टाची बटणं वापरली. कोणापुढे किती बटणं साचलीत हे सगळ्यांना दिसतं आणि कोणी काही बोलत नाही. खोटं वाटेल पण हा गेममधला सगळ्यात भयानक नियम आहे.

आकडे खरे घ्या, निदान एक-दोन तरी. आम्ही हवेसाठी घेतला. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. नासाच्या मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवर मॉक्सी नावाचं छोटं यंत्र होतं, मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजन काढणारं, २०२१ ते २०२३ मध्ये ते सोळा वेळा चालवलं आणि एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन निघाला. अर्थात ते प्रयोगापुरतंच होतं, पण भागाकार केला तर एका माणसाचे साडेतीन तास! आमच्या वसाहतीत बारा माणसं होती. हे मी सेशन झिरोला (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत) वाचून दाखवलं तेव्हा दोन मिनिटं कोणी बोललं नाही, आणि मग जो एरवी फक्त मारामारीसाठी खेळतो त्याने विचारलं, आपल्याकडे ती मशीन किती आहेत? मी म्हटलं तुम्ही सांगा. ते म्हणाले दोन. मग त्यांनीच ठरवलं की दुसरं नीट चालत नाही. मी काहीच केलं नाही हो, नुसती बसले होते.

माझं सगळं उत्तर इथेच आहे खरं तर. प्लेयर स्वतःशी जेवढे निर्दय होतात तेवढा कुठलाच जीएम होऊ शकत नाही, फक्त त्यांच्या हातात पेन्सिल द्यावी लागते. चौथ्या पाळीत बर्फ लागला, सगळे खूश, मी पाण्याचा आकडा वाढवायला निघाले तर जी डॉक्टरीण खेळत होती ती म्हणाली थांब. तिने कुठेतरी वाचलेलं की २००८ साली फिनिक्स यानाने मंगळाची माती तपासली तेव्हा त्यात परक्लोरेट सापडलं, जे थायरॉईडच्या कामात अडथळा आणतं. (त्याच यानाने खणलेल्या चरात पांढरे खडे दिसले होते आणि चार दिवसांत गायब झाले, कारण तो बर्फ होता आणि थेट वाफ होऊन उडाला. खाणकामगारासाठी याहून छळवादी धातुक नाही, काढून ठेवलं की उडून जातं.) तर ती म्हणाली हे पाणी न गाळता प्यायलो तर वर्षभरात आपण सगळे आजारी. मला हे माहीतच नव्हतं. मी म्हटलं मान्य, लिही. तिने नकाशावर गाळणी प्लांट काढला आणि सुट्या भागांतून तीन खोडले. नवं संकट आलं आणि ते टेबलाच्या त्या बाजूने आलं.

आता कारंजं. हे जरा लांबेल.

पाचव्या पाळीत मन घसरलं होतं, दोन खाणकामगारांनी काम सोडून झोपून राहायला सुरुवात केलेली. इलेक्ट्रिशियन खेळणाऱ्याने सुचवलं की कॉमन रूममध्ये छोटं कारंजं करू, गाळलेलं पाणी तेच तेच फिरेल, खर्च शून्य, नुसता वाहत्या पाण्याचा आवाज. पंप कुठून आणणार? स्टोअरमधला स्पेअर. मुकादम खेळणारा नाही म्हणाला, बाकी चौघं हो म्हणाले, त्याने एक बटण उचललं. मन दोनने वर. इलेक्ट्रिशियनने नकाशावर इतकं सुंदर कारंजं काढलं की तसं बाकी काहीच काढलेलं नव्हतं, आमचा डोम म्हणजे उलटं ठेवलेलं पातेलं.

सतराव्या पाळीत बर्फ वितळवायच्या प्लांटचा पंप जळला. फाशांवर. आम्ही दोन फासे टाकतो, बेरीज १० किंवा जास्त आली की काम झालं, ७ ते ९ आली की होतं पण किंमत मोजून, ६ किंवा कमी आली की घोडं पेंड खातं, आणि ३६ पैकी १५ वेळा ती ६ किंवा कमीच येते हे लोक विसरतात. ४ आले. सगळे एकदम कारंजाकडे बघायला लागले, म्हणजे कागदावरच्या. मी एक शब्द बोलले नव्हते. आणि मग पाऊण तास भांडण. एकीचं म्हणणं ते काढलं तर मन शून्यावर जाईल आणि शून्यावर गेलं की पाळीला एक माणूस वसाहत सोडून बाहेर चालत जातो (हा नियमही त्यांनीच केलेला, मस्करीत). इलेक्ट्रिशियन म्हणाला पाच दिवसांचं पाणी आहे, जळलेला पंप गुंडाळून बघू. मुकादम काही बोलेचना, त्याच्यापुढे तोवर नऊ बटणं होती. शेवटी इलेक्ट्रिशियननेच रबर घेतलं आणि कारंजं खोडलं, नीट खोडलं गेलं नाही, कागदावर वर्तुळाची खूण राहिली ती शेवटपर्यंत होती. दोन पाळ्यांत दोन माणसं गेली. त्यातलं एक माझ्या मैत्रिणीचं दुसरं कॅरेक्टर होतं, ती त्या दिवशी लवकर घरी गेली.

म्हणून हो, प्रत्येकाला दोन कॅरेक्टर द्या. एक निर्णय घेणारं आणि एक साधं, ड्रिल चालवणारं. एक मेलं तर माणूस टेबलावरून उठत नाही, आणि वरच्याने घेतलेला निर्णय खालच्याला भोगावा लागतो तेव्हा एकाच माणसाला स्वतःशी भांडावं लागतं. आणि पहिल्याच दिवशी काय नको ते बोलून घ्या. टेबलावर फुली मारलेलं एक कार्ड ठेवा, ज्याला एखादा प्रसंग झेपत नाही त्याने कार्डाला हात लावायचा, कारण विचारायचं नाही. उपासमार, हवा संपणं वगैरे विषय वाटतात तितके सोपे नसतात, आमच्यात ते कार्ड दोनदा वापरलं गेलं.

आमच्या ग्रुपमध्ये कारंजाच्या प्रकरणानंतर एक जण म्हणाला की खरी माणसं इतकी मूर्ख नसतात, स्पेअर पंपाचं कारंजं कोण करतं. अहो जेम्सटाउन वाचा. १६०७ साली व्हर्जिनियात वसवलेली इंग्रजांची वसाहत, तिथे धान्य पुरेसं नसताना लोक सोनं खणत बसले आणि १६०८ मध्ये जहाज भरून चकचकीत माती लंडनला पाठवली, जी निव्वळ माती निघाली. १६०९-१० च्या हिवाळ्यात साधारण पाचशेतले साठेक उरले. दुसरं उदाहरण बायोस्फिअर २ चं. ॲरिझोनात १९९१ साली आठ माणसं दोन वर्षांसाठी काचेच्या बंद इमारतीत राहिली, मातीतल्या जंतूंनी ऑक्सिजन खाल्ला, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड सिमेंट काँक्रीटनं शोषला, त्यामुळे तो झाडांपर्यंत परत गेलाच नाही आणि हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला, शेवटी बाहेरून सोडावा लागला. सिमेंटची भिंत तुमचा श्वास खाते, असलं संकट बसून सुचत नाही. आणि त्या आठांचे चार-चारचे दोन गट पडले, धड बोलेनात. तिथे तर उल्का पण पडली नव्हती.

क्लोंडाइकचाही फायदा झाला आम्हाला. १८९८ च्या सोन्याच्या गर्दीत कॅनडाचे पोलीस वर्षभराचा शिधा सोबत असल्याशिवाय आत सोडत नसत, अवजारं धरून माणशी जवळजवळ एक टन सामान व्हायचं, आणि लोकांनी ते पाठीवर, थोडं थोडं करत, खिंडीतून कित्येक खेपा घालून वर नेलं. म्हणून आमचं सेशन झिरो म्हणजे फक्त सामानाची यादी होती. चाळीस खोके, त्याहून एक जास्त नाही. कॅरेक्टरचा पूर्वेतिहास वगैरे मी लिहायला दिलाच नाही, कोणी कुठल्या खोक्यासाठी भांडलं त्यावरून तो माणूस कळला. गिटारसाठी एक खोकं गेलं आणि ते कोणी मागितलं हे आजही कबूल करत नाही कोणी.

कंपनीचं काय करायचं असं तुम्ही शेवटी विचारलंय. कंपनी व्हिलन करू नका, फार सोपं होतं. तिला फक्त उधारीची वही द्या. जुन्या खाणगावांत कंपन्या पगार म्हणून स्वतःचं टोकन द्यायच्या जे कंपनीच्याच दुकानात चालायचं, तसं. आमच्यात कंपनीचा निरोप दर सेशनला एक वेगळा प्लेयर घरून लिहून आणायचा, आणि प्रत्येक वेळी तो आम्ही विचारलेल्या प्रश्नाचं नाही तर मागच्या प्रश्नाचं उत्तर असायचा. पंप जळला तेव्हा आलेल्या निरोपात कारंजाबद्दल अभिनंदन होतं.

तुमचं चालू कॅम्पेन मोडू नका. पुढच्या सेशनला जीएमला सांगा की संकटं घरी ठेवून ये. कागद मधे ठेवा, यान यायला किती पाळ्या उरल्यात ते मोठ्या अक्षरात लिहा, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, वसाहतीतली कुठली गोष्ट आपण चुकीच्या कामाला लावली आहे? जे उत्तर येईल ते नकाशावर काढायला लावा. बटणं सोबत ठेवा, वीसेक पुरतात. आमच्या मुकादमाची एकट्याची चौदा झाली होती आणि यान आल्यावर, परत जायचं की राहायचं अशा चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा उरलेल्या सात जणांत राहतो म्हणणारा तो एकटाच निघाला. का ते त्याने सांगितलं नाही, आणि आम्हीही जरा दबकूनच विचारलं.