रन-आउट, पण धावतंय कोण?

प्रश्न : मी सातपूरला लेथवर काम करतो. साहेब शाफ्टचा ‘रन-आउट’ बघायला सांगतात आणि ‘कूलंट रन आउट झालं’ असंही म्हणतात. क्रिकेटमधला रन-आउट तर माहीतच आहे. मग ‘रन’चा अर्थ धरायचा तरी कोणता?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या साहेबांनी माझं काम हलकं केलं. शाफ्ट फिरवताना डायलचा काटा जितका मागेपुढे होतो, तो रन-आउट. कूलंट म्हणजे कापताना गार ठेवणारं द्रव; त्याचं ‘रन आउट’ म्हणजे संपणं. दोन्हींत धावत कुणीच नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘रन’ या क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ नोंदलेत. १९८९च्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता. घाबरू नका, ते कुणालाच पाठ नसतात. आपलं ‘चालणं’ आठवा. मशीन चालतं, दुकान चालतं, फाटकी नोटही कधीकधी चालते. यातलं मशीन नि दुकान इंग्रजीत धावतं. नोट मात्र नाही. गोदावरी वाहते, सर्दीत नाक वाहतं, धुण्यात साडीचा रंग जातो, तिथेही ‘रन’च.

खरी गंमत मागे लागणाऱ्या चिमुकल्या शब्दात आहे. मेनरोडवर मित्राला ‘रन इनटू’ केलंत, तर अचानक भेट. खांबाला केलंत, तर धडक!

भूतकाळ ‘रॅन’, पण ‘हॅव’नंतर पुन्हा ‘रन’. माझ्या वर्गातली हुशार मुलंही इथेच अडखळायची.