गेम झोनमध्ये खेळ जास्त होतात, पण पेटीत टोकनं कमी निघतात. फसवणूक कशी थांबवू?

ठाण्यात वर्तकनगरला तुमची आठ मशिनं आहेत, पोरं दिवसभर खेळताना दिसतात आणि रात्री पेटीत त्या मानाने टोकनं नसतात. कामावरच्या मुलावर संशय आहे, त्याला काढू का आणि मशिनांना काय बसवू, असं तुम्ही विचारलंय.

आधी त्या मुलाबद्दल. त्याला अजून काढू नका. मी तुर्भ्याच्या गाळ्यात हीच मशिनं दुरुस्त करतो. धंद्यात नवा होतो तेव्हा ऐरोलीच्या एका मालकाला मी ठामपणे सांगितलं होतं, "तुमचा पोरगा दार उघडून सर्व्हिस बटण दाबतोय." हे आतलं बटण दाबलं की टोकनाशिवाय खेळ मिळतो. मालकाने त्याला चार लोकांसमोर नाही नाही ते बोलून हाकललं. महिन्याभराने पुन्हा बोलावणं आलं. नवा मुलगा होता, तरी टोकन न टाकता क्रेडिट, म्हणजे मशिनवर जमा होणारे खेळ, चढतच होतं. दुपारभर मशिनसमोर बसून राहिलो तेव्हा लक्षात आलं, शेजारच्या थंड पेयांच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की कधीकधी एक क्रेडिट पडतं. गाळ्याला अर्थिंगच नव्हतं. त्या मुलाचं घर शोधून मी माफी मागितली. त्याची आई दारात उभी होती, एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून आकडे हातात आल्याशिवाय मी कोणाचं नाव घेत नाही.

आकडे तीन लागतात: पेटीतली टोकनं, मशिनमधला मीटर आणि बोर्डाचा, म्हणजे मशिनच्या आतल्या मुख्य सर्किटचा, स्वतःचा हिशोब. मीटर म्हणजे पडलेली क्रेडिटं मोजणारा, शून्यावर न आणता येणारा आकड्यांचा छोटा डबा. नसेल तर बसवून घ्या, महाग नाही. बोर्डाचा हिशोब टेस्ट मेनूत दिसतो. बऱ्याच बोर्डांत टोकनाचं क्रेडिट आणि सर्व्हिस बटणाचं क्रेडिट वेगवेगळं दाखवतात. रोज रात्री तिन्ही वहीत लिहा. मीटर जास्त आणि टोकनं कमी असतील, तर खोटं क्रेडिट पडतंय किंवा पेटीतून टोकनं जातायत. मीटर आणि टोकनं जुळतात पण बोर्डाचे खेळ जास्त, तर सर्व्हिस बटण बघा. सगळं जुळूनही गल्ल्यात पैसे कमी असतील, तर मशिनांना हात लावू नका, गळती काउंटरवर आहे.

खोटं क्रेडिट पडतं कसं, ते समजून घ्या. कॉइन अ‍ॅक्सेप्टर टोकन पारखतो आणि बोर्डाकडे जाणारी एक तार क्षणभर ग्राउंडला जोडतो. बोर्डाला टोकन दिसत नाही, तो फक्त हा पल्स मोजतो. त्या तारेत दुसऱ्या कशानेही तसाच धक्का आला, तरी त्याच्या लेखी टोकन पडलं. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असलेला गॅसचा लायटर हेच करू शकतो. त्याच्या ठिणगीला हजारो व्होल्ट असतात आणि नाण्याच्या खाचेजवळ ती पडली, तर जवळच्या तारेत गडबड उठते.

उपाय याच क्रमाने करा. इलेक्ट्रिशियनला बोलावून प्रत्येक सॉकेटचं अर्थिंग तपासा. फेज आणि अर्थमध्ये 230 व्होल्टच्या आसपास यायला हवेत. तिसरी पिन नुसती दिखाव्याला असलेले गाळे मी ढिगाने पाहिलेत. मग नाण्याच्या दाराचा पत्रा आणि मशिनचा सांगाडा त्या अर्थला जाड तारेने जोडा. क्रेडिटची तार शील्डवाली घ्या, 230 व्होल्टच्या तारांपासून लांब न्या, बोर्डाच्या टोकाला ग्राउंडशी 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. तरीही थांबलं नाही, तर मध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवता येतो. अ‍ॅक्सेप्टर 50 मिलिसेकंदांचा पल्स देत असेल, तर तेवढ्या लांबीचाच तो पुढे सोडतो. ठिणगीचा धक्का त्याहून फारच छोटा असतो.

दोरा बांधून टोकन वर ओढणं जुनं आहे. टोकन मागे येऊ न देणारी पट्टी असलेला अ‍ॅक्सेप्टर घ्या. टोकन बाजारात सगळ्यांना मिळतं तेच घेऊ नका. स्वतःच्या मापाचं पाडून घ्या, नाहीतर शेजारच्या झोनचं टोकन, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातला वायसर, तुमच्या पेटीत येईल. आणि दाराची कुलपं! कित्येक मशिनांना एकच चावी चालते. आठही बदला. पेटीची चावी तुमच्याकडे, दुरुस्तीच्या दाराची वेगळी.

पुढे कार्डावर जाणार असाल, तर शिल्लक कार्डात साठवणारी सिस्टिम घेऊ नका. स्वस्तात मिळणारं मायफेअर क्लासिक कार्ड 1994 सालचं आहे, त्याचं कुलूप 2008 मध्येच अभ्यासकांनी फोडून दाखवलं. शिल्लक सर्व्हरवर हवी. यूपीआयचा क्यूआर रोज सकाळी स्वतः स्कॅन करून नाव बघा, वर दुसरा कागद चिकटवलेला असू शकतो. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पावती धरू नका, तुमच्या साउंडबॉक्सवर किंवा अ‍ॅपवर रक्कम आली तरच टोकनं द्या. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

एखादं शाळकरी पोर लायटर घेऊन सापडलं, तर मारू नका, त्याचा फोटो भिंतीवर लावू नका. घरच्यांना बोलवा.

आठ रात्रींचे तिन्ही आकडे आणि अ‍ॅक्सेप्टरच्या मागच्या बाजूचा फोटो इथे टाका. गळती कुठल्या मशिनची आहे ते त्यावरून बघू. तोवर त्या मुलाचा पगार थांबवू नका.