'तू तर घरचाच' हे वाक्य ऐकण्याआधी

दोन भावांच्या कंपनीत खरेदी विभागाचे प्रमुख म्हणून बोलावणं आलंय, माणसं प्रेमळ आहेत, पगारही बरा आहे, मग तोटे काय, असं तुम्ही विचारलंय. मी अशाच एका कंपनीत अकरा वर्षं काढली, तीही खरेदीतच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरातला मुलगा शिक्षण संपवून येतो आणि वर्षभरात तुमच्या डोक्यावर बसतो, हे तुम्ही ऐकलंच असेल. ते खरं आहे, पण ते निदान आधीपासून दिसतं. मला खरा त्रास झाला तो निर्णय ऑफिसात होत नसल्याचा. ते रात्री घरी जेवताना होतात, आणि तिथे तुमचं पान मांडलेलं नसतं.

एकदा एका मशीनसाठी आम्ही तीन कोटेशन्स मागवली, तुलनेचा तक्ता केला, थोरल्या भावांनी सही केली. ऑर्डर गेली, ॲडव्हान्सही गेला. सोमवारी सकाळी धाकटे माझ्या टेबलापाशी आले, फाईल उघडली, थोरल्यांच्या सहीवर बोट ठेवून म्हणाले, "हे रद्द करा." का, विचारलं तर म्हणे, "आमचं घरी बोलणं झालंय." मी म्हटलं, तसं दोन ओळींत लिहून द्या, फाईलला लावतो. दोघंही सही करेनात. थोरल्यांना स्वतःची सही खोडायची नव्हती, धाकट्यांना थोरल्यांची खोडल्यासारखं दिसायला नको होतं. शेवटी पुरवठादाराला फोन मी केला, त्याची बोलणी मी खाल्ली, आणि ॲडव्हान्स का अडकला याचं उत्तर ऑडिटरला मीच दिलं. फाईलमध्ये आजही ऑर्डरच असेल, रद्द केल्याचा कागद नसेल.

अशा वेळी तुम्ही नकळत कुणाचे तरी होता. थोरल्यांकडे चहा प्यायलात की धाकट्यांच्या केबिनमध्ये तुमची कामं रेंगाळतात. आणि भाऊ वेगळे झाले तर माणसांचीही वाटणी होते. जर्मनीतल्या डास्लर बंधूंची बुटांची एकच कंपनी होती. १९४८ च्या सुमारास ते भांडून वेगळे झाले, त्यातून आदिदास आणि प्यूमा उभ्या राहिल्या, आणि तिथल्या नोकरदारांनाही एकेक बाजू धरावी लागली. भांडण त्यांच्या घरातलं, पण त्यात माणसं दुसऱ्यांच्या घरची ओढली गेली.

चांगलं काम केलं की सगळं निभावतं, असंही धरून चालू नका. ली आयाकोका फोर्ड कंपनीचे अध्यक्ष होते, मस्टँग गाडीच्या यशात त्यांचा मोठा वाटा. १९७८ मध्ये संस्थापकांचे नातू हेन्री फोर्ड दुसरे यांनी त्यांना काढून टाकलं. एवढ्या उंचीवरच्या माणसाचं हे झालं, तर आपण कोण?

आता प्रेमळपणाबद्दल. तो खोटा नसतो. माझ्या आजारपणात थोरल्यांनी दोन महिने एक रुपया कापला नाही, स्वतः दवाखान्यात येऊन बसले. ते मी विसरलेलो नाही. पण त्यानंतर पगारवाढ मागायला माझी जीभ उचलेना. तिसऱ्या वर्षी कशीबशी मागितली, तर ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "अरे, तू तर घरचाच, तूही आता हिशोब करणार?" मी मान खाली घालून बाहेर आलो. रविवारी फोन आला की मी घरचा, आणि नफ्याचा विषय निघाला की बाहेरचा. हे ध्यानात यायला मला फार वर्षं लागली, त्याचं अजून वाईट वाटतं.

नोकरी घेऊच नका असं मी म्हणत नाही. निर्णय झटपट होतात, काम सगळ्या बाजूंनी शिकायला मिळतं, मालक समोर असतो. पण हो म्हणण्याआधी दोघा भावांना एकत्र बसवून विचारा: किती रकमेपर्यंत माझी सही चालेल, आणि तुमचं एकमत नसेल तेव्हा मी कुणाचं ऐकायचं? एकेकट्याला विचारू नका, दोन वेगळी उत्तरं मिळतील. मिळालेलं उत्तर नेमणूकपत्रात लिहून घ्या. 'आपल्यात कागद कशाला' असं म्हणाले तर तिथेच थांबा. पगाराचा आढावा कोणत्या महिन्यात, तेही त्याच पत्रात येऊ द्या, म्हणजे दरवर्षी तोंड उघडावं लागणार नाही. कुटुंबाबाहेरचा सगळ्यात वरचा माणूस कोण आणि तो किती वर्षं टिकलाय, हेही बघा.

आणि तुमच्या आधी त्या खुर्चीवर जो होता, त्याचा नंबर मिळवा. भावांकडून नको, पुरवठादारांकडून मिळेल. त्याला एवढंच विचारा की दिलेली ऑर्डर शेवटची कधी फिरवावी लागली आणि तेव्हा कागदावर सही कुणाची होती.