मेंदूविकार प्रश्नोत्तरे : वरण बंद करू नका

मेंदूच्या आजारात 'प्रोटीन बिघडतं' हे वाक्य कुठूनसं घरोघरी पोचलंय. महिनाभर त्याच गोंधळाचे प्रश्न येताहेत.

वडिलांना पार्किन्सन आहे. मेंदूत प्रोटीन साठतं म्हणून डाळ-अंडी बंद केली. बरोबर ना? (तासगाव)

चूक. आजच सुरू करा. ते प्रथिन ताटातून येत नाही, मेंदूच्या पेशीच ते बनवतात, नाव अल्फा-सिन्युक्लिन. प्रत्येक प्रथिनाची ठरलेली घडी असते. ती चुकली की पावसात भिजलेल्या बेदाण्यासारखे त्याचे गोळे होतात, आणि बिघडलेला रेणू शेजारच्यालाही बिघडवतो. अल्झायमरमध्ये हीच गत बीटा-अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांची. जेवणाचा संबंध एवढाच, की पार्किन्सनवरची लेव्होडोपाची गोळी डाळ-अंड्यांसोबत घेतली तर नीट शोषली जात नाही. गोळीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

अल्झायमर घरातल्यांना लागतो का? (विटा)

नाही. एका ताटात जेवा.

हळदीच्या कॅप्सूलने मेंदूतलं अमायलॉइड विरघळतं म्हणे? (मिरज)

म्हणणारा कॅप्सूल विकत असेल. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मिळालं ते जीआय (भौगोलिक) मानांकन, औषधाचा परवाना नव्हे. हळदीतल्या कुरक्युमिनचा परिणाम परीक्षानळीत दिसतो. पण आतड्यातून ते रक्तात जेमतेम उतरतं आणि अल्झायमरच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत फायदा दिसलेला नाही. अशा कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाली आहे. आधीच घेत असाल तर डबी डॉक्टरांना दाखवा. आमटीतली हळद चालू द्या.

सासूबाई (68) तेच तेच विचारतात, भाजीत दोनदा मीठ घालतात. वयच झालंय. दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल ना? (जत)

नाही चालणार. 'वयच झालंय' या दोन शब्दांनी माझ्या रुग्णांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं अमायलॉइडनेही केलं नसेल. विसरण्यामागे दरवेळी अल्झायमरच असतो असं नाही. बी-12 कमी असतं, थायरॉइड मंदावलेलं असतं, कधी झोपेची गोळी नडते. हे वेळेत सापडलं तर सुधारतं. एक आजोबा गोठ्यात घसरून पडले. महिन्याभराने नातवंडांची नावं चुकू लागले, घरच्यांनी आणखी दोन महिने वयावर घालवले. सीटी स्कॅनमध्ये कवटीखाली रक्त साचलेलं. ते काढल्यावर आठवड्यात विचारू लागले, "म्हशीची धार कोण काढतंय?"

आणि अल्झायमरच निघाला तरी थांबून काय मिळणार? अमायलॉइड काढणारं लेकॅनेमॅब हे औषध अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झालं. तेही बरं करत नाही, फक्त घसरण थोडी मंदावतं, आणि सुरुवातीच्या टप्प्यातच दिलं जातं.

याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टना दाखवा. सोबत चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या न्या, आणि जो दिवसभर त्यांच्यासोबत घरात असतो त्याला न्या. पुण्याहून सुट्टीला आलेल्या मुलाला मीठ दोनदा पडल्याचं ठाऊक नसतं.