अडीच विसा

"ताई, मी तोंड उघडलं की समोरचा इंग्रजीवर येतो. मग मी हे शिकतेय तरी कशाला?"

मी समुपदेशक. गेल्या तीन-चार वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर लिहायलाच बसले. मुलं वेगवेगळी. कुणी उप्सालाला स्वीडिश शिकतंय, कुणी ऑस्लोला नॉर्वेजियन. भाषा आणि संस्कृती हा विषय हौसेने घेतलेला, घरच्यांचं "याने पोट भरतं का?" हेही पचवलेलं. आणि तिथे पोचल्यावर कळतं की त्या देशांत भाजीवाल्यापासून बसचालकापर्यंत बहुतेकांना उत्तम इंग्रजी येतं. आपण घाम गाळून वाक्य जुळवावं आणि समोरच्याने ते हसतमुखाने बाजूला सारावं, असं रोज घडत राहतं.

मृण्मयीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून. घर निफाडकडचं, मुलगी वाढली इंग्लंडमध्ये. तिथल्या एका विद्यापीठात स्कँडिनेव्हियन अभ्यासाची चार वर्षांची पदवी; त्यातलं तिसरं वर्ष त्या देशात राहून काढायचं. ती डेन्मार्कला, कोपनहेगनला गेली आणि नोव्हेंबरच्या शेवटी तिच्या आईचा फोन आला, "पोरगी खोलीबाहेर पडत नाही हो."

तिकडे त्या दिवसांत चारच्या आत सूर्य मावळतो. त्यामुळे झोप, जेवण, मनात येणारे विचार यांची चौकशी मी आधी केली, तिला विद्यापीठाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. असं कुणी खोलीत कोंडून घेत असेल तर ही पायरी कधीही गाळू नये. डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हटल्यावर मग आम्ही बोलायला बसलो.

घडलं होतं एवढंच. बेकरीत तिने राईचा काळपट पाव मागितला. शुद्ध डॅनिशमध्ये, घरी घोकून गेली होती. विक्रेत्याने किंमत सांगितली, "हाल्त्रेस." ती गप्प. मागे रांग. त्याने लगेच इंग्रजीत "फिफ्टी" म्हटलं, तिने कार्ड टेकवलं आणि बाहेर पडली. त्यानंतर ती जिथे माणसाशी बोलावं लागणार नाही अशाच दुकानांत जाऊ लागली. मग वर्गही बुडू लागले.

"दोन वर्षं शिकून मला पन्नास कळलं नाही, ताई. आकडे तरी यायलाच पाहिजेत ना? आणि त्यांनी माझ्याशी डॅनिशच बोललं पाहिजे."

मी कागदावर दोन मोठे 'च' लिहिले आणि कॅमेऱ्यासमोर धरले. चोवीस वर्षांच्या कामात मी एक गोष्ट शिकले असेन तर ती ही, की मराठी माणसाचं दुखणं बरेचदा या एका अक्षरात बसलेलं असतं. आकडे आले तर बरं, हे म्हणणारा चुकतो आणि पुढे जातो. आकडे यायलाच पाहिजेत म्हणणारा पहिल्या चुकीपाशीच अडकतो. बेकरीवाल्याला फक्त रांग पुढे सरकवायची होती. मृण्मयीने मात्र त्याला परीक्षक करून टाकलं होतं.

हे तिला पटलं, पण आतपर्यंत पोचलं नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत ती सहज बोलून गेली, "नाशिकलाही असंच होतं. मी मराठी बोलले की चुलतभावंडं इंग्रजीवर येतात." मी थांबले. जखम कोपनहेगनची नव्हतीच.

"मग नाशिकला कुणाशी मराठी बोलतेस?"

"आजीशी. तिला इंग्रजी येत नाही ना."

त्या दिवशी मी विषय पुढे नेला नाही. पुढच्या भेटीत एवढंच म्हटलं, "मला डॅनिश पन्नास शिकव."

ती आधी कंटाळलेल्या आवाजात सांगू लागली. हाल्त्रेस हा आखूड केलेला शब्द. मूळ लांबलचक, हालत्रेसिन्सत्यूव. त्यात 'त्यूव' म्हणजे वीस, 'सिन्स' म्हणजे पट. आणि 'हालत्रेदिए' म्हणजे तिसरा अर्धा, दोन पूर्ण आणि तिसरा अर्धाच.

"अगं, म्हणजे अडीच! अडीच विसा!"

पडद्यावर ती हलेचना. अडीच हा आपला शब्दही संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'वरून आला, म्हणजे तिसरा अर्धाच, हे मी सांगितलं तेव्हा तिने वही ओढली. साठ म्हणजे तीन विसा. सत्तर साडेतीन, ऐंशी चार, नव्वद साडेचार. आणि मग एकदम म्हणाली, "आजी गोवऱ्या अशाच मोजायची. ओट्यावर वीस-वीसच्या थप्प्या लावून. दोन विसा, तीन विसा."

विसांनी मोजणं जगात इतरत्रही आहे, फ्रेंचांचं ऐंशीसुद्धा चार विसाच. पण माझं लक्ष तिच्या आवाजाकडे होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती डॅनिशबद्दल सांगत होती आणि तिला कुणी तपासत नव्हतं. शिकणाऱ्याला थोडा वेळ शिकवणारा करा, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सुचवते.

बाकीचं काम सरळ होतं, आणि ते तुम्हालाही करता येईल. समोरचा इंग्रजीवर आला तर रागावू नका, "मी शिकतेय, हळू बोलाल का?" एवढं त्यांच्या भाषेत म्हणा, बहुतेक जण खुशीने थांबतात. डॅनिश लिहिलेली एक आणि ऐकू येते भलतीच. नॉर्वेजियन आणि स्वीडिश शेजारीसुद्धा तिच्या आकड्यांना अडखळतात. तेव्हा वेळ लागणं हा तुमचा दोष मानू नका. आणि मुख्य म्हणजे, ज्यांना घाई नाही अशी माणसं शोधा. वाचनालयांत भाषा-कट्टे भरतात. एकट्या वृद्धांना नियमित भेटणारे स्वयंसेवक रेड क्रॉसला हवे असतात.

आई-बाबांचा "उपयोग काय?" मी टाळत नाही. नुसत्या पदवीवर नोकरी ठरत नाही. भाषांतर, प्रकाशन, व्यापार असं काहीतरी जोडीला लागतं, ते दुसऱ्या वर्षापासूनच बघा. पण मृण्मयीच्या आईला मी आणखी एक सांगितलं. रास्मुस रास्क नावाचा डॅनिश भाषापंडित 1820 मध्ये मुंबईला आला, पारशांकडून अवेस्ता आणि पहलवी या जुन्या इराणी भाषांतल्या पोथ्या मिळवून घेऊन गेला. त्या आजही कोपनहेगनमध्ये जपलेल्या आहेत. तेव्हा त्यालाही कुणीतरी उपयोग विचारलाच असेल. आई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पोथ्या बघायला जाऊ का म्हणावं तिला?"

फेब्रुवारीपासून मृण्मयी दर बुधवारी एका म्हाताऱ्या बाईंकडे जाऊ लागली. बेकरीवाला अजूनही अधूनमधून इंग्रजीवर येतो. शेवटच्या भेटीत तिने सांगितलं, त्या बाईंनी आजीचं वय विचारलं. चौऱ्याऐंशी. डॅनिशमध्ये ते होतं चार आणि चार विसा, आणि ते तिच्या तोंडून न अडखळता आलं. घरी येऊन तिने निफाडला फोन लावला आणि आजीला सगळं समजावून सांगितलं.

"मग बराबर मोजत्यात की तुजे ते लोक," आजी म्हणाली.