मांडव्याहून अलिबागपर्यंत एका दिवसात कयाकने जायचंय, आखणी कशी करावी?
डिसेंबर-जानेवारीत जा, आणि तारीख सुट्टी बघून नाही, तिथी बघून ठरवा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथलं पाणी ४ मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. अष्टमीला भांग (म्हणजे लहान भरती-ओहोटी) असतो, ओढ कमी. मुंबईहून आदल्या दिवशीच मांडव्याला पोचा, उजाडताच निघा. सकाळचा वारा जमिनीवरून येतो. पाणी शांत दिसतं, पण तोच वारा हळूच बाहेर ढकलतो, म्हणून किनारा धरूनच वल्हवा. दुपारी वायव्येचा वारा उठतो. पाठीवर असला तरी लाटा वाढवतो. आवास, किहीमला वाळूवर उतरता येतं. थळपाशी खडक आहेत, तिथे लांबून वळसा घ्या. थळसमोरच्या खांदेरी बेटाचा मोह या खेपेला नकोच. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४. लाइफ जॅकेटबद्दल सांगायला लागू नये. एकटेच असाल तर बेत पुढे ढकला.