१.१० हे १.९ पेक्षा लहान कसं काय येतं?

तुम्ही विचारलंय की पायथनमध्ये "१.१०.०" > "१.९.०" टाकलं तर फॉल्स का येतं आणि व्हर्जन नीट कंपेअर कसं करायचं. मला हे नडलंय, आमचं अपडेट तपासणारं स्क्रिप्ट १.१० येऊनसुद्धा "तुमच्याकडे लेटेस्टच आहे" असं सांगत बसलं होतं.

या दोन्ही स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर आहेत ना, म्हणून डावीकडून एकेक कॅरेक्टर बघितलं जातं, "१." सारखं, मग पुढे १ आणि ९ समोरासमोर येतात, १ लहान, विषय तिथेच संपला, त्या १ च्या मागे ० आहे हे बघायची वेळच येत नाही.

फ्लोट, म्हणजे दशांश संख्या, तर अजिबात करू नका, १.१० आणि १.१ एकच होऊन बसतात. यामल या सेटिंग्ज लिहायच्या फाइलमध्ये पायथनचं व्हर्जन कोट्सशिवाय ३.१० लिहिलं की ते ३.१ वाचलं जातं ते यामुळेच. हे टिंब दशांशाचं नाहीच मुळी, ते फक्त आकडे वेगळे ठेवायला आहे.

म्हणजे टिंबावर स्प्लिट करा, प्रत्येक तुकड्याचा इंट (पूर्णांक) करा आणि टपल (आकड्यांची क्रमवार यादी) कंपेअर करा, (१, १०, ०) > (१, ९, ०) बरोबर ट्रू येतं. साध्या आकड्यांना एवढं पुरतं, पण आरसी (रिलीज कँडिडेट) किंवा बीटा असं रिलीजआधीचं व्हर्जन आलं की इंट एरर देतो आणि खरी गुंतागुंत इथेच आहे, कारण प्रत्येकाचे नियम वेगळे. सेमव्हर (सिमँटिक व्हर्जनिंग) या नियमावलीमध्ये १.०.०-आरसी.१ हे १.०.० च्या आधी येतं, आरसी.१० हे आरसी.२ च्या नंतर, पण मधलं टिंब विसरलात तर आरसी१० हे आरसी२ च्या आधी जातं, कारण मग तो आख्खा तुकडा अक्षरं म्हणून बघितला जातो! पायथनच्या व्हर्जन-नियमांत, म्हणजे पेप ४४० मध्ये मात्र आरसी१० हेच मोठं. तिथे १.० आणि १.०.० सारखेच, तर पीएचपी भाषेच्या व्हर्जन_कंपेअर फंक्शनला १.० लहान वाटतं.

त्यामुळे स्वतःचं लॉजिक लिहू नका, ज्या भाषेतलं पॅकेज आहे तिथलीच लायब्ररी घ्या. तुमच्यासाठी पॅकेजिंग नावाच्या लायब्ररीतला व्हर्जन क्लास, पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने टाका, दोन्ही स्ट्रिंग त्यात घाला आणि मग > लावा. जुन्या उत्तरांत पायथनच्याच डिस्टयुटिल्स मॉड्यूलमधला लूजव्हर्जन क्लास सापडेल, तो घेऊ नका, पायथन ३.१२ पासून डिस्टयुटिल्स काढूनच टाकलंय.